पैनगंगेचे दोन काठ आणि एक नंबर

2005 च्या आसपास जैनथच्या बाजारात कुणी आपला मोबाइल नंबर सांगू लागला, की पहिल्या चार आकड्यांतच तो पैनगंगेच्या कोणत्या काठचा ते कळायचं. 9440 म्हणजे बीएसएनएल, आंध्रचं. 9422 म्हणजेही बीएसएनएलच, पण महाराष्ट्राचं. 9849 ऐकला की एअरटेल, अलीकडचा. 9822 ऐकला की आयडिया, पलीकडचा. गावाचं नाव सांगायची गरजच नसे. नदीपार सोयरीक असलेल्या घरांत दोन्ही तऱ्हेचे नंबर वहीत लिहून ठेवलेले असत. कोणत्या नंबरावर बोलायचं आणि कुणाला नुसता मिस्ड कॉल द्यायचा, हा हिशेब घरातल्या पोरांना तोंडपाठ असे.

हे आकडे तेव्हा माणसाचे नव्हते. ते कंपनीचे होते आणि कंपनीला सरकारने नेमून दिलेल्या मुलखाचे होते. कंपनी बदलली की नंबर गेला, राज्य बदललं की नंबर गेला. पुढे तो माणसाच्या हाती आला, पण दोन हप्त्यांत. कंपनी बदलणाऱ्यांना तो जानेवारी 2011 मध्ये मिळाला. नदी ओलांडणाऱ्यांना आणखी साडेचार वर्षं थांबावं लागलं. ती साडेचार वर्षं का लागली हे जैनथसारख्या गावात उभं राहिलं की जितकं स्पष्ट दिसतं, तितकं मुंबई-दिल्लीतून दिसत नाही.

जैनथ आदिलाबाद जिल्ह्यातलं, मंडळाचं गाव. काळ्या दगडातल्या लक्ष्मीनारायण मंदिरासाठी ते ओळखलं जातं आणि इथल्या कार्तिकातल्या उत्सवाला महाराष्ट्रातूनही भाविक येतात. उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. राष्ट्रीय महामार्गावरून पूल ओलांडला की पिंपळखुटी, पुढे पाटणबोरी, मग पांढरकवडा. दोन्हीकडे काळी कापसाची जमीन. अलीकडे तेलुगू आणि मराठी, पलीकडे मराठी, आणि दोन्हीकडे गोंडी आणि कोलामी. नदीने इथे माणसं तोडली असं म्हणता येणार नाही. तिने फक्त कचेऱ्या तोडल्या.

इतिहासात फार मागे गेलं तर कचेऱ्याही तुटलेल्या नव्हत्या. जैनथला परमार राजपुत्र जगद्देवाचा शिलालेख आहे. माळव्याचा हा राजपुत्र दक्षिणेत येऊन चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी राहिला. त्याच्याच काळातला दुसरा लेख नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, शके 1034 चा, म्हणजे इ.स. 1112 चा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही काठांवर एकाच माणसाचा अंमल होता. पैनगंगेची पक्की सरहद्द झाली ती 1853 मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची भाषावार फेररचना झाली. त्यात आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा नव्या आंध्र प्रदेशात गेला. जैनथ त्या उरलेल्यात होतं. मराठी बोलणारी घरं होती तिथेच राहिली, राज्य मात्र बदललं.

टेलिफोन आला तो याच रेषेवर पाय देऊन. आदिलाबादचा एसटीडी कोड 08732, पांढरकवड्याचा 07235. शून्यानंतरचा पहिलाच आकडा वेगळा. एसटीडी बूथच्या काचेमागे मीटर पळू लागला की पाटणबोरीची बहीण आणि हैदराबादचा भाऊ सारखेच परके वाटत. तरी लँडलाइनची एक गोष्ट सरळ होती. ती घराच्या भिंतीला खिळलेली होती, त्यामुळे तिचा नंबर घराचा असणं कुणाला खटकत नव्हतं. खटकायला लागलं ते फोन खिशात आल्यावर.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 ला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. मोठ्या शहरांनंतर बाकी देशाची वाटणी सरकारने 'सर्कल'मध्ये केली. सर्कलच्या रेषा बहुतेक ठिकाणी राज्यांच्याच रेषा होत्या, आणि प्रत्येक सर्कलचा परवाना वेगळा विकला गेला. आंध्र प्रदेश सर्कल टाटा सेल्युलर आणि जेटी मोबाइल्स यांना मिळालं, महाराष्ट्र सर्कल बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल यांना. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी निघाली आणि गोवा महाराष्ट्रात गणला गेला. परवाना विकायला सोपं जावं म्हणून केलेली ही वाटणी होती. माणसं कुठे राबतात, कुठे बाजार करतात, कुठे मुली देतात, हा प्रश्न त्या निविदांमध्ये कुणी विचारला नव्हता.

ग्रामीण भागाला मोबाइल खऱ्या अर्थाने दिसला तो ऑक्टोबर 2002 मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाल्यावर. त्याच वर्षाच्या अखेरीला रिलायन्स उतरली आणि 2003 च्या पावसाळ्यात 501 रुपयांत हातात फोन देण्याची तिची योजना गाजली. 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस तोच. फोन घेणं परवडत नसलेल्यालाही फोन येणं परवडू लागलं, आणि तेव्हापासून नंबर ही जपून ठेवण्याची गोष्ट झाली. ज्याला लोक फोन करणार त्याचा नंबर लोकांना ठाऊक हवा, आणि तो बदलता कामा नये.

पण फुकट इनकमिंग आपल्या सर्कलपुरतंच होतं. रेडिओलहरींना पैनगंगा दिसत नाही. नदीलगतच्या शिवारात उभं राहिलं की आपला टॉवर दुबळा आणि पलीकडचा जोरात, असं सहज होई. फोन आपणहून पलीकडच्या नेटवर्कला चिकटे, पडद्यावरचं नाव बदले आणि रोमिंग लागे. 2007 पासून दूरसंचार नियामकाने रोमिंगच्या दरांना कमाल मर्यादा घातली होती: येणाऱ्या कॉलला मिनिटाला 1 रुपया 75 पैसे, स्थानिक जाणाऱ्याला 1 रुपया 40 पैसे, एसटीडीला 2 रुपये 40 पैसे. दहा रुपयांचं टॉपअप मारून आठवडा काढणाऱ्या शेतमजुराला हे दर काय वाटत असतील? आपल्याच राज्यात, आपल्याच वावरात उभं राहून आलेला फोन उचलायचा आणि बॅलन्स कापला जायचा. जाणते लोक फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडत. बाकीचे बांध सोडून गावाच्या बाजूला सरकत, मगच फोन घेत.

यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे दोन सिम. डबल सिमचे स्वस्त फोन बाजारात आले ते सीमाभागाला विशेष मानवले. एक सिम इकडचं, एक तिकडचं. 2005 च्या अखेरीपासून 'लाइफटाइम'च्या योजना निघाल्यामुळे सिम जिवंत ठेवायला फार खर्चही नव्हता. अडत्या, जिनिंगवाला, ट्रकवाला, सोयरा, सगळ्यांचे दोन नंबर.

ज्यांचं यात खरं नुकसान झालं त्यांच्याबद्दल मात्र कुणी फारसं लिहिलेलं नाही. त्या म्हणजे लग्न होऊन नदी ओलांडणाऱ्या मुली. पाटणबोरीकडची मुलगी जैनथकडे दिली किंवा अलीकडच्या बेल्याची मुलगी पलीकडे वणीला दिली, की आडनाव बदले, गाव बदले, रेशनकार्डावरचं नाव हले आणि नंबरही जाई. माहेरचं सिम सासरी चालवायचं तर प्रत्येक इनकमिंगला पैसे. म्हणून ते काढून ठेवलं जाई आणि सासरच्या सर्कलचं नवं सिम येई, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. जुनं सिम वापरात नसलं की काही काळाने बंद होई. 2013 मध्ये नियामकाने याला शिस्त लावली: 90 दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक 20 रुपयांहून कमी, तरच कनेक्शन तोडता येईल. तोडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळे. मैत्रिणीने जुन्या नंबरावर फोन लावावा आणि अनोळखी पुरुषाचा आवाज यावा, मग मैत्रिणीने पुन्हा कधी लावू नये. एका मुलीचं शाळेपासूनचं सगळं गणगोत असं एका सिमबरोबर निसटू शकत होतं. पोर्टेबिलिटीचा विषय निघाला की कंपन्यांची स्पर्धा, बाजारातला हिस्सा, दरयुद्ध असंच बोललं जातं. मला तो आधी या मुलींचा विषय वाटतो.

कंपनी बदलून नंबर तोच ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. सिंगापूरने 1997 मध्येच याची सुरुवात केली होती. 1999 मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँग, 2003 च्या नोव्हेंबरात अमेरिका, 2007 मध्ये पाकिस्तान. भारतात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 8 मार्च 2006 ला तशी शिफारस केली. त्यानंतर साडेचार वर्षं ती कागदावर फिरत राहिली. कंपन्यांचं म्हणणं असं, की खर्च मोठा आहे आणि बाजार अजून वाढतो आहे, नवे ग्राहक महिन्याला लाखोंनी येत आहेत, मग जुन्यांच्या अदलाबदलीची घाई कशाला. यात थोडं तथ्य होतं. पण नंबर सुटत नाही म्हणून माणूस वाईट सेवाही सोसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तेच त्यांना हवं होतं, असं मला वाटतं. ज्या दुकानदाराचा नंबर पाटीवर रंगवलेला आहे, तो रेंज नसली तरी कंपनी सोडत नाही.

मार्च 2009 मध्ये हे काम चालवणाऱ्या संस्थांना परवाने मिळाले आणि 23 सप्टेंबर 2009 ला ट्रायचे नियम निघाले. 31 डिसेंबर 2009 ही पहिली तारीख ठरली, ती गेली. पुढची ठरली, तीही गेली. कधी यंत्रणा तयार नव्हती, कधी सुरक्षेची मंजुरी बाकी होती. शेवटी मुहूर्त लागला तो दूरसंचार खात्यातल्या सर्वांत मोठ्या वादळात. टू-जी परवानेवाटपाच्या प्रकरणात दूरसंचार मंत्री ए. राजा यांनी नोव्हेंबर 2010 च्या मध्यावर राजीनामा दिला, कपिल सिब्बल यांच्याकडे खातं आलं आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत, 25 नोव्हेंबर 2010 ला, हरियाणातल्या रोहतकमध्ये ही सेवा सुरू झाली. आधी एका सर्कलमध्ये चालवून पाहायची असं ठरलं होतं. 20 जानेवारी 2011 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती देशभर खुली केली. टीव्हीवर अभिषेक बच्चन सांगू लागला की कंपनीचा वैताग आला असेल तर आयडिया घ्या. गावोगावच्या रिचार्जच्या दुकानांत एक नवं क्रियापद आलं: पोर्ट मारणे.

पोर्ट मारायचा म्हणजे करायचं काय? इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 ला पाठवायचा. उलट टपाली आठ अक्षर-आकड्यांचा यूपीसी, म्हणजे युनिक पोर्टिंग कोड, येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, कागदपत्रं द्यायची, नवं सिम घ्यायचं. सुरुवातीला यासाठी जास्तीत जास्त 19 रुपये आणि सात कामाचे दिवस लागत. एका कंपनीत किमान 90 दिवस काढलेले असावेत, बिल थकलेलं नसावं. जुन्या सिमवरचा बॅलन्स बुडतो, हे दुकानदार आधीच बजावून सांगे. मग एका रात्री साधारण दोन तास फोन मुका होतो आणि त्यानंतर नवं सिम बोलू लागतं.

त्या दोन तासांत नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. नंबर स्वतः कुठेच हलत नाही. देशातल्या प्रत्येक पोर्ट झालेल्या नंबरापुढे 'हा आता अमुक कंपनीकडे, अमुक सर्कलमध्ये' अशी नोंद मध्यवर्ती डेटाबेसमध्ये होते आणि तिची प्रत सर्व कंपन्यांकडे जाते. आपण फोन लावला की आपली कंपनी आधी ती नोंद पाहते, नंबराच्या पुढे एक मार्गदर्शक आकडा जोडते आणि कॉल योग्य घरी पाठवते. बिऱ्हाड बदललेल्या माणसाची पत्रं गावच्या पोस्टमनने नव्या पत्त्यावर नेऊन द्यावीत, तसं.

या नोंदवह्या दोन होत्या, आणि जैनथच्या दृष्टीने मेख इथेच होती. बावीस सर्कलचे दोन झोन केले होते, प्रत्येकी अकरा सर्कलचे. पहिल्या झोनचं काम सिनिव्हर्सकडे, दुसऱ्याचं टेलकॉर्डियाशी संबंधित कंपनीकडे. महाराष्ट्र, मुंबई, गुजरात, दिल्ली, हरियाणा, राजस्थान वगैरे पहिल्या झोनमध्ये. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू, मध्य प्रदेश, बंगाल वगैरे दुसऱ्यात. म्हणजे पैनगंगेच्या पुलावर फक्त राज्य बदलत नव्हतं, फक्त सर्कल बदलत नव्हतं, नंबरांची अख्खी वहीच बदलत होती. 2011 ची पोर्टेबिलिटी सर्कलच्या आतली होती. जैनथचा माणूस एअरटेल सोडून बीएसएनएलला जाऊ शकत होता, पाटणबोरीचा माणूस आयडिया सोडून व्होडाफोनला. नंबर घेऊन पुलावरून जाणं मात्र कुणालाच शक्य नव्हतं.

याचा चटका फक्त सीमाभागाला बसला असं नाही. मुंबई आणि महाराष्ट्र ही वेगळी सर्कल असल्यामुळे मुंबईची नोकरी सोडून पुण्याला आलेल्या माणसालाही मुंबईचा नंबर पुण्याचा करून घेता येत नव्हता. पण त्याची कुरकूर वर्तमानपत्रांत पोचत होती. पैनगंगाकाठच्यांची पोचली नाही.

मधल्या काळात सर्कलच्या आतल्या पोर्टेबिलिटीने एक वेगळंच काम केलं, जे तिच्या निर्मात्यांच्या मनात बहुधा नव्हतं. 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे 122 परवाने रद्द केले. काही कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि त्यांच्या ग्राहकांना नंबर वाचवायला पोर्ट हाच मार्ग उरला. मुंबईत लूप मोबाइलचा, म्हणजे एकेकाळच्या बीपीएलचा, परवाना 29 नोव्हेंबर 2014 ला संपला. एअरटेल ती कंपनी विकत घेणार होती, तो सौदा फिसकटला होता. मुंबईच्या पहिल्या पिढीतले मोबाइलधारक, जवळपास वीस वर्षं एकच नंबर सांभाळलेले व्यापारी आणि डॉक्टर, दुकानांपुढे रांगा लावून पोर्ट करून गेले. कंपनी मेली, नंबर जगला. नंबर कंपनीचा नाही, हे लोकांच्या मनात पक्कं होण्यात लूपच्या त्या शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा आहे.

सर्कलची भिंत पाडायचं वचन 2012 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात दिलं गेलं होतं: देशभर एक नंबर, रोमिंग नाही. 3 नोव्हेंबर 2014 ला सरकारने परवान्यांत बदल करून सहा महिन्यांची मुदत दिली. 3 मे 2015 ही तारीख आली तेव्हा कंपन्या तयार नव्हत्या. दोन महिने वाढवून मिळाले. दोन वह्या एकमेकींशी जुळवायच्या, प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक सर्कलमधल्या यंत्रणेने परक्या सर्कलचा नंबर आपला म्हणून ओळखायचा, एसटीडी कोणता आणि लोकल कोणता याचा हिशेब नव्याने लावायचा, असं ते काम होतं. 3 जुलै 2015 ला पूर्ण पोर्टेबिलिटी सुरू झाली.

त्या दिवशी 9422 चा नंबर पहिल्यांदा कायद्याने पैनगंगा ओलांडून जैनथचा होऊ शकला. मधल्या काळात, 2 जून 2014 ला, तेलंगण राज्य जन्माला आलं होतं. दूरसंचार परवान्यांच्या नकाशावर त्याचा मागमूस नव्हता आणि आजही नाही. तेलंगण आणि आंध्र मिळून एकच सर्कल आहे, आणि त्याचं नाव आंध्र प्रदेशच आहे. जैनथच्या माणसाचा फोन आला की कॉल करणाऱ्याची माहिती दाखवणारी ॲप्स 'आंध्र प्रदेश' दाखवतात. सरकारने राज्य बदललं, नंबर त्याच्या मागोमाग गेला नाही. उलट पोर्ट झालेला 9422 जैनथच्या घरात वाजत असला तरी पडद्यावर 'महाराष्ट्र' येतं. आकड्यांवरून काठ ओळखायची ती जुनी विद्या निकामी झाली, ते चांगलंच झालं.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आली ती मोफत रोमिंग घेऊन. फेब्रुवारी 2017 मध्ये एअरटेलने 1 एप्रिलपासून देशातलं रोमिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि बाकीच्यांना मागे राहता आलं नाही. नदीकाठच्या शिवारात फोन पलीकडच्या टॉवरला चिकटला तरी आता काही बिघडत नव्हतं. दरयुद्धात दुबळ्या कंपन्या पडू लागल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सने 1 डिसेंबर 2017 ला आवाजाची सेवा थांबवली. एअरसेलने महाराष्ट्रासह सहा सर्कलमधलं दुकान 30 जानेवारी 2018 ला आवरलं आणि फेब्रुवारीअखेर कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. एअरसेलच्या ग्राहकांची त्या वेळची अडचण नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आली नव्हती. पोर्ट करायला 1900 ला एसएमएस हवा, आणि एसएमएसला नेटवर्क हवं. नेटवर्कच गेलेलं. माणसं रेंजची एखादी काडी शोधत फिरत होती, तेवढ्या एका एसएमएससाठी.

2018 च्या अखेरीला मोठ्या खासगी कंपन्यांनी 28 दिवसांचं किमान 35 रुपयांचं रिचार्ज आणलं. ते मारलं नाही तर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. इथे सीमाभागातला दोन सिमचा संसार मोडला. दोन नंबर जिवंत ठेवणं परवडेना आणि एक निवडणं भाग पडलं. निवडलेला नंबर तोवर नुसता बोलण्याचा राहिला नव्हता. आधारला तोच जोडलेला, बँकेत तोच, गॅसच्या पुस्तकावर तोच, आणि पुढे पीएम-किसानच्या ई-केवायसीचा ओटीपीही त्यावरच. कापूस विकला की पैसे आल्याचा मेसेजही त्याच नंबरावर. असा नंबर हातातून जाणं म्हणजे स्वतःच्या पैशांच्या दारापाशी अनोळखी ठरणं. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या नावावर सिम आहे की नवऱ्याच्या, या प्रश्नाला आता रुपयांत मोजण्याएवढं वजन आलं.

नियमही त्या मानाने बदलत गेले. 16 डिसेंबर 2019 पासून यूपीसी देण्याआधीच थकबाकी आणि 90 दिवसांची अट तपासली जाऊ लागली, त्यामुळे कोड हातात असून अर्ज नाकारला जाण्याचे प्रकार कमी झाले. सर्कलच्या आत पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस आणि सर्कल ओलांडायला पाच, अशी मुदत ठरली. नंबरामागे पैसा आला तसे चोरही आले. एखाद्याच्या नावाने दुसरं सिम काढायचं, लगेच तो नंबर पोर्ट करून न्यायचा आणि ओटीपी आपल्याकडे वळवायचे. म्हणून 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस यूपीसी मिळत नाही. फोन हरवलेल्या साध्या माणसाला त्याचा थोडा जाच होतो, पण हा नियम मला योग्य वाटतो.

त्याच जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि पोर्टचा ओघ एकदम उलटा फिरला. एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक 29 लाखांनी वाढले. वर्षानुवर्षं जिला लोक सोडून जात होते तीच सरकारी कंपनी, आणि नंबर तोच ठेवून लोक तिच्याकडे परतले. 2024 मध्येच देशातल्या पोर्टिंगच्या एकूण विनंत्यांची संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली.

आता पाटणबोरीकडची मुलगी जैनथला आली तर तिला पोर्ट करायचीही गरज उरलेली नाही. रोमिंग नाही, एसटीडी नाही, माहेरचं सिम सासरी तसंच चालतं. तिथली रेंज चांगली नसेल तर ती पाच कामाच्या दिवसांत कंपनी आणि सर्कल दोन्ही बदलू शकते. नंबर जाण्याची भीती आता वेगळ्या वाटेने येते. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हातारीला इंटरनेट नको असतं, तरी नंबर टिकवायला तिला डेटासकट महागडं रिचार्ज मारावं लागत होतं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त बोलणं आणि एसएमएस देणारी वेगळी रिचार्ज काढण्याचा आदेश दिला आणि अशा रिचार्जची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. 2025 च्या सुरुवातीला अशी रिचार्ज निघाली. ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक नसतं, आणि म्हातारीला ती आपणहून मागावी लागतात.